भेदरं

टोमॅटो या वस्तूला मी उभ्या आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. कोशिंबिरीत दिसला की खावा, सारात असला की ओरपावा, आणि २०२३ च्या जुलैत झाले तसे भाव किलोला शंभराच्या वर गेले की चार आठवडे त्याचे नाव काढू नये, एवढाच माझा त्याचा संबंध. पण वयाच्या ४३ व्या वर्षी माणूस प्रथमच बाप झाला, म्हणजे जगातल्या साध्यासुध्या वस्तू त्याच्याकडे डोळे वटारून पाहू लागतात. शेंगदाणा, द्राक्ष, पेनाचे टोपण, शर्टाचे बटण! त्याच यादीत एके दिवशी टोमॅटोही जाऊन बसला.

त्याचे असे झाले. आमची छकुली नोव्हेंबरातली. हिची बँकेतली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची. २०१७ साली कायदा सुधारला तेव्हापासून ती एवढी मिळते. म्हणजे मूल सहा महिन्यांचे झाले की आई कामावर. आणि नेमके सहा महिने पूर्ण झाल्यावरच अंगावरच्या दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेपासून आमच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांचे म्हणणे. मे महिन्यात माझ्या कॉलेजला सुट्टी. तेव्हा लेकीला जेवू घालण्याचे खाते ओघानेच माझ्याकडे आले. मदतीला अमरावतीहून सासूबाई आल्या.

पहिला तंटा उष्टावणाचा. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करायचे, पाचव्या नाहीतर सातव्या. सासूबाईंचा कल पाचव्याकडे होता. पण सातवा महिना लागणे म्हणजेच सहा पुरे होणे, हे गणित मी त्यांच्यापुढे मांडले आणि शास्त्र व डॉक्टर दोघेही एका पाटावर बसले. मराठीच्या प्राध्यापकाला गणितात मिळालेला हा पहिलाच विजय!

नाचणीचे सत्त्व झाले, मऊ भात झाला, मुगाचे वरण झाले. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता टोमॅटो द्या." आईकडून पोटातच मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो, डाळीत नि नाचणीत लोह असते खरे, पण ते अंगी सहज लागत नाही, सोबत 'क' जीवनसत्त्वाचे काही आंबट असले तर बरेच अधिक लागते. मला हे पटले. सासूबाईंना अजिबात पटले नाही.

"जावईबापू, भेदरं लेकराले देत नाहीत," त्या म्हणाल्या.

वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात. मेक्सिकोतल्या नाहुआतल भाषेतला 'तोमात्ल' पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आला आणि त्याने काय काय नावे घेतली! बंगाल्यांनी त्याला विलायती वांगे केले, वऱ्हाड्यांनी भेदरं. शब्दांचा धंदा करणाऱ्या मला त्यात भेदरणेच आधी ऐकू आले. (दोन शब्दांचे नाते आहे असा माझा दावा नाही, पण त्या आठवड्यात ते मला सख्खे भाऊ वाटले.)

आमच्या चिंचोटीला महामार्गाच्या कडेला तुंगारेश्वराच्या डोंगरातल्या आदिवासी बाया भाजी घेऊन बसतात. पावसाळ्यात शेवळे, कंटोली. एरवी परसातले गावठी टोमॅटो. त्यांतला चांगला लालभडक, पिकलेला निवडायचा, हिरवा नको. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायचा. बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्यायची, उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडायचा आणि लगेच गार पाण्यात. साल आपोआप सुटते. ही साल म्हणजे खरी दगाबाज. शिजली तरी विरत नाही, टाळ्याला नि घशाला चिकटून बसते. मग बिया काढून गर स्टीलच्या पातेलीत मऊ शिजवायचा (कल्हई उडालेल्या पितळेत नको, आंबट धातूला खाते) आणि गाळणीतून घासून घ्यायचा. मीठ नाही, साखर नाही; वर्षाच्या आत दोन्हींची गरज नसते, आणि बाटलीतल्या सॉसमध्ये तर ती दोन्ही ठासून भरलेली. दोन चमचे गर वरणभातात कालवून वर चार थेंब तूप. टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्याचा, ते शिजवून स्निग्धाबरोबर दिले तर अंगाला जास्त लागते. वाटीत उरेल ते टाकून द्यायचे, कारण उष्ट्या चमच्याचे अन्न टिकत नाही. सासूबाईंची एक अट मी बिनतक्रार मान्य केली: सुरी नि पाट वेगळे. वसईकडच्या घरात मासळीची सुरी भाजीला लागायला वेळ लागत नाही.

पहिले दोन दिवस छकुलीने तोंडे वेडीवाकडी केली आणि आणखी मागितले. तिसऱ्या दिवशी ओठांभोवती लाल चट्टा उठला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे पाहिले. तो पाहण्याचा प्रकार व्याकरणात बसत नाही. आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आंबटाने नाजूक कातडी चुरचुरते, तेवढेच हे होते. जेवणाआधी ओठांभोवती तुपाचे बोट फिरवा, नंतर ओल्या कपड्याने टिपा, म्हणाल्या. मात्र अंगभर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणे, पुन्हा पुन्हा उलटी, श्वासाला त्रास, यांतले काही दिसले तर घरी थांबायचे नाही. म्हणूनच नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि मध्ये तीन दिवस जाऊ द्यायचे.

मग त्यांनी न विचारताच आणखी एक गोष्ट दाखवली. मूल ठसकत, खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. पण आवाजच फुटत नसेल, चेहरा निळसर पडू लागला, तर एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने मुलाला हातावर पालथे घ्यावे, डोके खाली, जबडा सावरलेला, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा, नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचे नाही, ती आणखी आत जाते.

घरी येऊन मी तक्क्यावर सराव केला. हे हास्यास्पद दिसत असणार. पण चिंचोटीच्या नाक्यावर एका अंगाने अहमदाबादचे ट्रक आणि दुसऱ्या अंगाने कामण-भिवंडीकडचे ट्रक एकमेकांना भिडले म्हणजे महामार्गावर रुग्णवाहिकाही नुसती ओरडत उभी राहते, हे मी खिडकीतून पाहिलेले आहे. श्वास अडकलेल्या मुलाजवळ काही मिनिटेच असतात. तेवढ्यात जे करायचे ते घरातल्याच माणसाने.

सासूबाई दारात उभ्या होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "मले बी दाखवा."

अडुसष्ट वर्षांच्या त्या बाईने पदर खोचला, तक्क्या हातावर पालथा घेतला आणि मोजून पाच थापा मारल्या. मग तो तसाच मांडीवर ठेवून बसून राहिल्या. हिच्या पाठचा एक भाऊ होता, हे मला लग्नाला नऊ वर्षे होऊनही ठाऊक नव्हते. अकरा महिन्यांचा. अंगणात कुणीतरी लाडाने तोंडात फुटाणा घातला. गावात डॉक्टर नव्हता, एसटी सकाळी निघून गेलेली. "साऱ्यांनी पाणी पाजा म्हटलं," त्या म्हणाल्या, "मी पाजलं." तेवढेच. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही. भेदऱ्याला विरोधही त्या दिवसापासून थांबला. फक्त सोललेला गर गाळणीतून त्या स्वतःच घासू लागल्या, दोनदा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी माझे एक दूरचे आप्त आले. येताना मॉलमधून बोराएवढ्या टोमॅटोंची पारदर्शक डबी आणली होती. "बघ, किती गोड!" म्हणत त्यांनी एक अख्खा टोमॅटो छकुलीच्या तोंडाशी नेला. मी खुर्चीवरून उठतो आहे तोच सासूबाईंनी त्यांचे मनगट धरले. गुडघे दुखतात म्हणून जिन्यावर माझा हात मागणाऱ्या सासूबाईंनी!

"अहो, आमची मुले नाही का वाढली?" पाहुणे दुखावून म्हणाले.

सासूबाईंनी उत्तर दिले नाही. तो टोमॅटो आत नेला, सोलला, देठापासून उभा चिरून चार भाग केले, बिया काढल्या, वाफेवर मऊ केला आणि ताटलीतून आणून पाहुण्यांच्याच हातात दिला. "आता द्या," म्हणाल्या. त्यांनी दिला, चहा घेतला आणि गेले. नंतर अद्याप आलेले नाहीत.

गणपती आटोपून सासूबाई अमरावतीला परतल्या. रोज संध्याकाळी छकुलीच्या जेवणाच्या वेळेला त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न "भेदरं कापलं का?" हा. मग ही फोन ताटलीसमोर धरते आणि तिकडे एकेका फोडीची पाहणी होते. काल छकुलीने फोड आपल्या हाताने उचलली, मुठीत चोळामोळा केली, थोडी खाल्ली आणि उरलेली माझ्या धुतल्या सदऱ्याला पुसली. फोनमधून आवाज आला, "दुसरं द्या न मंग तिले."