पडक्या बस्तीचा पत्ता



आमच्या बांद्याचं नाव मोबाइलवर शोधलं की आधी उत्तर प्रदेशातलं बांदा समोर येतं. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातही एक बांदा आहे. म्हणून पाहुण्यांना पत्ता कळवताना तालुका सावंतवाडी, जिल्हा सिंधुदुर्ग हे मी आवर्जून लिहिते. नांदत्या गावाची ही तऱ्हा, तर पूजाअर्चा थांबलेल्या बस्तीचा पत्ता कसा मिळायचा?

आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. गोव्यात नेमिनाथ भगवंतांची पडकी बस्ती आहे, हे त्यांनी लहानपणी माहेरी ऐकलेलं. तिथे एकदा णमोकार म्हणायचा, एवढीच त्यांची इच्छा. पण त्यांना फार चालवत नाही, आणि सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवायचं. त्यामुळे 'तिकडे गेल्यावर विचारू' हे चालणारं नव्हतं. गाडी नेमकी कुठवर जाते, ते आधीच कळायला हवं होतं.

'नेमिनाथ' लिहिलं की सगळं गिरनारकडे वळतं. साहजिकच आहे, ती त्यांची मोक्षभूमी. 'गोवा जैन मंदिर' लिहिलं तर आजची नवी मंदिरं दिसतात. शेवटी एका लेखात गावाचं नाव मिळालं: फोंडा तालुक्यातलं बांदिवडे. पण हेच गाव कुणी बांदोडा लिहितं, तर सरकारी पाट्यांवर पोर्तुगीज वळणाने बांदोरा. बी.कॉम.च्या सवयीने मी वहीत दोन रकाने आखले. एकात गावाची सगळी नावं. दुसऱ्यात बस्ती, बसदी, मंदिर, अवशेष. एकेक जोडी लावून शोधत गेले, तेव्हा जांभ्या दगडाच्या भिंतींचे फोटो आणि नकाशावरची खूण हाती आली.

जमा-नावे जुळल्याशिवाय खातं बंद करायचं नाही, हा आमचा नियम. नकाशावरची खूण कुणीही लावलेली असू शकते. म्हणून गावातल्या एका दुकानदाराला फोन केला. नागेशीच्या देवळापासून रस्ता कसा, शेवटी किती चालावं लागेल, सगळं त्यांनी नीट सांगितलं.

त्याच बांदिवड्यात नागेशी, महालक्ष्मी आणि रामनाथी ही देवळं आहेत. नागेशीला इ.स. १४१३चा शिलालेख आहे आणि पूजाही रोज चालते, त्यामुळे त्याची वाट कुणी विसरत नाही. बस्तीला दिवा लावणारं कुणी उरलं नाही. तिची ओळख आता लोकांच्या तोंडच्या नावावरही टिकून आहे. सासूबाईंनी भिंतीला हात लावून णमोकार म्हटला. मूर्ती नव्हती, पण त्यांचं समाधान झालं. सूर्यास्ताच्या आत घरीही पोचलो.

डिचोली तालुक्यातल्या कुडणे गावीही जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. गावकरी त्या जागेला 'गुजीर' म्हणतात. नुसतं 'जैन' शोधणाऱ्याला हे नाव कसं सुचणार? ते गावच्या माणसांकडूनच कळतं.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना अशा जागांची नावं विचारा, आणि ते उच्चारतात तशीच लिहून ठेवा. मोबाइल शोधून देतो खरा, पण काय शोधायचं ते त्याला सांगावं लागतं. ते सांगणारी माणसं आज आपल्या घरात आहेत.

जय जिनेंद्र.