सज्दा-ए-सहू

नंदुरबारच्या आमच्या मोहल्ल्यात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. तरीही १४-१५ वर्षांची असताना मी एका वुजूला अर्धी बादली संपवायची. कोपर धुतलं की वाटायचं, मागची बाजू कोरडीच राहिली. पुन्हा धुवायची. मग वाटायचं, तोंड धुताना केसांच्या कडेला पाणी लागलंच नसेल. पुन्हा सुरुवातीपासून. अम्मी ओरडायची ती पाण्यासाठी. नानी मात्र बाजेवर बसून शांतपणे बघत राहायची. एकदा म्हणाली, "तीन बार धोया ना? बस, हो गया. चौथी बार पानी नहीं गिर रहा, वसवसा गिर रहा है."

वसवसा म्हणजे कानाशी कुणीतरी सतत कुजबुजत असल्यासारखी शंका. झालं ते नीट झालंच नाही, ही शंका. ती धर्माच्या कपड्यात आली की माणसाला वाटतं आपण फार परहेजगार आहोत. मलाही वाटायचं.

नानीचं उलटं होतं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर तिला रकातींचा हिशेब राहत नसे. जुहरची नमाज पढताना ती मध्येच थबकायची. तीन झाल्या की चार? मी दारातून बघायची, आणि माझ्याच पोटात गोळा यायचा. नानी क्षणभर थांबायची, मनाशी ठरवायची, पुढे जायची आणि शेवटी दोन सज्दे जादा करून सलाम फेरायची. जानमाज घडी करताना चेहऱ्यावर कसली रुखरुख नाही. मी विचारायची, "नानी, चुकली असशील तर?" ती म्हणायची, "तो सज्दा-ए-सहू किसलिए है?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सहू म्हणजे विसर. नमाजमध्ये विसरून काही वाजिब सुटलं, तर सगळी नमाज मोडून पुन्हा उभं राहायचं नसतं. शेवटच्या बैठकीत दोन सज्दे करायचे आणि नमाज पूर्ण करायची. फर्ज सुटलं तर मात्र ही सवलत नाही, नमाज पुन्हा पढावी लागते. आमच्या हनफी फिक्हमधली एक बारीक गोष्ट मला फार उशिरा कळली. रकातींबद्दल ज्याला क्वचितच शंका येते त्याने नमाज पुन्हा पढावी. पण ज्याला वारंवार शंका येते त्याने पुन्हा पढत बसू नये. मनाचा कौल जिकडे झुकेल तो धरावा, आणि कौलच मिळत नसेल तर कमी आकडा धरून पुढे जावं. म्हणजे माझ्यासारख्यांचा विचार आधीच कुणीतरी करून ठेवलेला होता.

नानी ढिली बाई नव्हती, हेही सांगायला हवं. तरुणपणी ती मिरचीच्या पथारींवर कामाला जायची. नंदुरबारच्या बाजारात शेतकरी ओली लाल मिरची आणतात, व्यापारी ती गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर वाळत घालतात. हिवाळ्यात मैलभर लांबून लाल दिसतं आणि ठसका लागतो. तिथे बायका देठ खुडायच्या, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढायच्या. नानीच्या ढिगात डागी मिरची सापडणार नाही, अशी तिची ख्याती होती. कुठे काटेकोर व्हायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे तिला कळत होतं. मला ते कळत नव्हतं.

वुजूचा वसवसा कॉलेजात गेल्यावर सुटला. खरं तर सुटला नाही, त्याने घर बदललं. तो माझ्या मराठीत राहायला आला.

आमच्या घरात उर्दू, म्हणजे खानदेशी मुसलमानाची उर्दू. तिच्यात 'ळ' नाही. गल्लीत अहिराणी, तिच्यातही 'ळ' नाही, तिथे शाळेची शाया होते आणि डोळ्याचा डोया. मी आरशासमोर उभी राहून पोळी, गोळी, केळी म्हणत 'ळ' घोटला, मग 'ण' घोटला. शुद्धलेखनाचे १८ नियम पाठ केले; त्यांतले १४ साहित्य महामंडळाने १९६२ साली केले आणि ४ नंतर १९७२ साली आले, हेसुद्धा मी कुणी न विचारता सांगायची. डी.एड.ला असताना एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुस्लिम असूनही हिचं मराठी बघा किती शुद्ध!" ते वाक्य मी कित्येक वर्षं दागिन्यासारखं मिरवलं. त्यातलं 'असूनही' टोचायला फार वेळ लागला. बाईंचा हेतू चांगला होता. पण तेव्हापासून मनाने एक हिशेब धरला: दुसऱ्याची चूक म्हणजे नुसती चूक, माझी चूक मात्र सगळ्या कौमच्या खात्यावर जाणार. तेव्हा चुकायचंच नाही.

याचे परिणाम गमतीचेही होते. मावशी नवापूरला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाचं एक टोक या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात. घोषणा चार भाषांत होतात. लोक त्या बाकावर बसून फोटो काढायचे आणि मी घोषणेतल्या मराठीच्या चुका मोजत गाडीची वाट बघायची.

काही परिणाम गमतीचे नव्हते. नानीवर मी एक लेख लिहायला घेतला. तिला मराठी वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवणार होते. पहिला मसुदा आठवड्यात झाला. मग दुसरा, तिसरा. अकराव्याला नानी गेली. तिने एकदोनदा विचारलं होतं, "लिख लिया क्या?" मी म्हणायची, "थोडा बाकी है."

आता मूळ गोष्ट. नोकरी लागली ती धडगावकडे, सातपुड्यात. वर्गातली बहुतेक मुलं पावरा, घरची भाषा पावरी. मराठी त्यांना शाळेतच भेटते. याच भागात, नर्मदेच्या काठच्या बुडीत गावांमध्ये १९९०च्या दशकात आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा मुलांच्या बोलीत बोलणारी तिथलीच तरुण मंडळी शिकवायला घेतली. हे मी वाचलेलं होतं, भाषणात सांगितलंही होतं. वर्गात मात्र हातात लाल पेन घेऊनच शिरले.

सातपुड्यातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. काहीही झालं तरी होळी चुकवत नाहीत. त्या वर्षी होळीनंतर चौथीतली एक मुलगी बऱ्याच महिन्यांनी वर्गात आली. मी सगळ्यांना म्हटलं, गेल्या काही दिवसांत काय काय झालं ते उभं राहून सांगा. ती स्वतःहून उठली. कधीच न बोलणारी मुलगी.

"आमी गुजरातला गेलो. तिथं ऊस तोडला. माझा बहीण..."

मी थांबवलं. "माझा नाही. माझी बहीण."

"माझी बहीण. तो रात्री..."

"ती रात्री. बहीण आहे ना? मग ती."

"ती रात्री," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हं, पुढे?" ती म्हणाली, "काही नाही, मॅडम." आणि बसली. मी दुसऱ्या मुलाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तेच लिहून आणायला सांगितलं. तिने तीन ओळी आणल्या: आम्ही होळीला गावी आलो, होळी पाहिली, मजा आली. एकही चूक नव्हती. मी शाब्बास लिहिलं आणि स्टार दिला. त्या रात्री खोलीवर वह्या तपासताना हात थांबला. 'ती रात्री' काय? चार महिने उसाच्या फडात राहून आलेली नऊ-दहा वर्षांची पोर काहीतरी सांगायला उठली होती आणि मी तिला लिंग शिकवलं होतं. नानीच्या भाषेत सांगायचं तर वाजिबपायी मी फर्ज घालवलं होतं. याला दोन सज्द्यांची सवलत नाही.

मी तिला एकटीला विचारलं. एकदा नाही, तीन-चारदा. प्रेमाने, चॉकलेट देऊन, तिच्या मैत्रिणीला बरोबर घेऊन. "काही नाही, मॅडम." मराठी अचूक.

बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली, त्या गेल्यानंतर वर्षभरात छापून आली. ती जशी ओठांवर होती तशीच, खानदेशी बोलीत. सोपानदेव स्वतः कवी होते. आईची भाषा 'सुधारून' मग छापावी, असं त्यांच्या जागी मी असते तर नक्की केलं असतं. अकरा मसुदे केले असते.

त्यानंतर मी काय केलं? फार मोठं काही नाही. लाल पेन बोलण्याच्या तासाला पिशवीत ठेवायला लागले. मुलं बोलत असताना 'माझा आई' ऐकलं की जीभ अजून वळवळते, दाताखाली धरते. आणि मुलांकडून पावरी शिकायला लागले. इतकी वाईट बोलते की पहिले आठवडाभर वर्ग नुसता हसत होता. एक पोरगा तर माझा शब्द ऐकून बाकावर आडवा झाला. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात लोक माझ्या बोलण्याला हसताहेत आणि मला मरावंसं वाटत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. व्याकरण त्याच तासाला सांगायचं का वेगळ्या, यावर आमच्या शिक्षकांत वाद आहे. माझं म्हणणं, वेगळ्या. 'ळ' महत्त्वाचा आहे, मी त्याच्यासाठी आरसा झिजवला आहे. पण तो गोष्ट संपल्यावर.

नानीवरचा लेख गेल्या रमजानमध्ये पूर्ण केला, पहिल्या मसुद्यावरून. बाकीचे दहा काढून टाकले. अम्मीला वाचून दाखवला. अम्मीने दोन चुका काढल्या, नानीच्या माहेरच्या गावाची आणि तिच्या पहिल्या बकरीच्या रंगाची. त्या दुरुस्त केल्या.

ती मुलगी चौथी पास होऊन आश्रमशाळेत गेली. जायच्या आधी एकदा माझा पावरी शब्द ऐकून तिने बाकावरूनच मान हलवली, तो पुन्हा नीट उच्चारून दाखवला आणि मी तिच्यामागून म्हटला. दोनदा म्हणायला लावला तिने.

तिच्या बहिणीचं त्या रात्री काय झालं, ते मला अजून माहीत नाही.