इंजिनाचा काय दोष?

आमची गाडी जुनी, सेकंडहँड. घर मालवणच्या किनाऱ्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पत्र्याचे गंजाशी आणि आमचे गॅरेजशी नाते पक्के. 2024 चा पावसाळा संपला आणि गाडी कुरकुरू लागली. सकाळी किल्ली फिरवली की इंजिन झोपेतून उठवल्यासारखे घरघरायचे. रात्री दिवे, पंखा चालू असताना गाडी उभी केली की थरथरायचे. कधी बंदच पडायचे. आम्ही ठरवून टाकले, इंजिन म्हातारे झाले. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलला नावे ठेवली. बॅटरीकडे पाहिले नाही. हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत, मग बॅटरीला काय झालेय?

2025 च्या मार्चमध्ये रमजान आणि दहावीची परीक्षा एकत्र आली. आमच्या उर्दू शाळेतल्या चार मुलींना मालवणच्या केंद्रावर पोचवायचे आम्ही कबूल केले होते. पेपर अकराचा, हजेरी साडेदहाची. मुली गाडीत बसल्या, किल्ली फिरवली, आतून नुसते 'टक्' झाले. एसटी केव्हाच गेली होती.

"सर, धक्का मारू?" एकीने विचारले. आम्ही काही बोलायच्या आत चौघी खाली उतरल्या. बुरख्याचे घोळ सावरले आणि रोजा असताना गाडीला हात लावला. जाळे विणत बसलेले दोघे गाबीत शेजारीही धावत आले. दुसरा गिअर टाकला, किल्ली चालू ठेवली, गाडीने वेग घेताच क्लच सोडला. तिसऱ्या खेपेला इंजिन बोलले. कोळंबचा पूल ओलांडेपर्यंत आमच्या ओठांवर दरूद होता. दहा पंचवीसला मुली फाटकातून आत गेल्या.

मग गाडी मेस्त्रीकडे नेली. त्याने बॅटरीला मीटर लावला. गाडी बंद असताना 11.9 व्होल्ट, स्टार्टर मारताच काटा आठावर.

"मास्तरांनू, इंजिनाक काय्येक झाला नाय. बॅटरी मेली हा."

आम्हाला शरम वाटली. वर्गात आम्हीच 'गंधक का तेजाब' आणि 'सीसा' शिकवतो; मराठीत गंधकाम्ल आणि शिसे. बॅटरीत सहा खाने, प्रत्येकात साधारण 2.1 व्होल्ट, पूर्ण भरलेली असली की 12.6. प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये हीच जोडी जमवली होती. मोटारीला हँडल मारून चालू करण्याची कटकट 1912 मध्ये केटरिंगच्या इलेक्ट्रिक स्टार्टरने संपवली, आणि तेव्हापासून इंजिनाचा पहिला श्वास बॅटरीच्या हाती गेला.

मेस्त्रीने समजावले ते असे. इंजिन फिरू लागले की अल्टरनेटर साधारण चौदा व्होल्ट देतो. तो धडधाकट असेल तर धावत्या इंजिनाला बॅटरीची फारशी गरज लागत नाही. पण उभ्या गाडीत इंजिन हळू फिरते, अल्टरनेटरची वीज कमी पडते, वर दिवे आणि पंखा. तेव्हा कमी पडणारे बॅटरीने भरून द्यायचे. तिच्यातच दम नसेल तर व्होल्टेज खाली येते, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर उशिरा उघडतात, ठिणगी कमजोर पडते, इंजिन थरथरते. शिवाय मरू घातलेली बॅटरी भरता भरत नाही. अल्टरनेटर राबत राहतो आणि तो भार इंजिनावर, म्हणजे पेट्रोलवर पडतो. बॅटरी अगदीच संपली असती तर गाडीचा कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंपही जागा झाला नसता, आणि मुलींचे धक्के वाया गेले असते.

ती मेली तरी का? एक कारण आमची हवा. खारा वारा आणि आम्लाची वाफ मिळून टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते, वीज अडते. उन्हाळ्याने आयुष्य आणखी घटते. दुसरे कारण आम्ही. रोज तरावीहला मशिदीपर्यंत एक किलोमीटर गाडी न्यायची, दिवे लावून. स्टार्टर जेवढे ओढून घेतो तेवढे परत भरायला तेवढी वाट पुरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होत जातात. आता तरावीहला आम्ही चालत जातो. महिन्यातून एकदा टोके कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुतो, पुसून पेट्रोलियम जेली लावतो. आधी ऋण टोक सोडवतो, जोडताना तेच शेवटी.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या चौघींतली एक धक्का मारून गाडीत बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. हीच मुलगी वर्षभर मागच्या बाकावर पेंगायची. "हिचे डोकेच चालत नाही," असे आम्ही तिच्या अम्मीला दोनदा सांगितले होते. पेपर संपल्यावर आम्हीच तिला आरोग्य केंद्रात तपासायला लावले. तिथेही आकडा बाराच्या वर हवा होता, निघाला आठ. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

नव्या बॅटरीवर आमचे म्हातारे इंजिन पहिल्या किल्लीला चालू होते. ती मुलगी उत्तीर्ण झाल्याचे पेढे घेऊन आली तेव्हा तिच्या अम्मीची आम्ही माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर." आमच्याकडून मात्र ते जात नाही.