सोन्या, ते २.७ आधी काढ

ठाणे

चि. सोन्यास,


काल फोनवर तू किती सहज बोलून गेलास! "रद्दीवाल्याकडे पायथॉनचं जाडजूड पुस्तक मिळालं, २.७ चं. आधी तेच उरकतो, ३ नंतर बघू." तू फोन ठेवलास आणि इकडे माझा वरणभात गार झाला. हसू नकोस. 

तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच, की ३ शीक. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ ला आली. जुनी २.७ खरं तर २०१५ मध्ये बंद व्हायची होती, पण जगभरातल्या कंपन्यांचं काम तिच्यात इतकं अडकलं होतं की मुदत पाच वर्षांनी वाढवली. १ जानेवारी २०२० ला तीही संपली. त्या एप्रिलमध्ये २.७.१८ निघाली, ती शेवटची. तेव्हापासून तिच्यात कुठे भोक सापडलं तर बुजवायला मूळ मंडळींपैकी कोणी बसलेलं नाही.

आता तू म्हणशील, एका आकड्याचा तर फरक. तुमच्या कोलाडच्या नाक्यावरून जाणाऱ्या हायवेचा १७ चा ६६ झाला. रस्ता तोच, खड्डेही तेच. इथे उलटं आहे. नंबर एकानेच वाढला, पण रस्ता बदलला. जुन्यात पाचाला दोनाने भागलं की उत्तर दोन. दादाच्या दुकानात पाच किलो तांदूळ दोघांत वाटला तर उरलेला किलो गेला कुठे? ३ मध्ये सरळ अडीच येतात. जुन्यातलं इनपुट तर समोरच्याने टाइप केलेलं थेट आज्ञा समजून चालवतं. नवख्याने असल्या सवयी अंगाला लावून घेऊच नयेत. ताईचं आठवतं ना? कॉलेजच्या लॅबमध्ये तो निळा पडदा, टर्बो सी प्लस प्लस. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चं आणि हा प्रोग्राम त्याच्याही आधीचा! त्यात साध्या पूर्णांकाची धाव ३२,७६७ पर्यंत. पोरीने चाळीस हजार पगार घातला, तर पडद्यावर उणे २५,५३६. परीक्षेत मार्क मिळाले, नोकरीत मात्र निम्मं विसरावं लागलं.

पण माझा जीव खरा अडकलाय तो मराठीत. तू म्हणशील, आली आत्या पुन्हा फॉन्टवर! येणारच. छापखान्यात मराठी जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा दर कंपनीचा फॉन्ट निराळा आणि अक्षरांना दिलेले नंबरही आपापले. इथे जुळवलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर दिला. आपल्या 'क'चा २३२५, मग तो कोलाडला टाइप करा की कॅनडात. पायथॉन ३ मधला मजकूर मुळापासून युनिकोडवर उभा आहे. जुन्यात प्रोग्रामच्या फाइलमध्ये मराठी अक्षर दिसलं की, वर खास ओळ लिहिल्याशिवाय, तो चालायलाच तयार नाही. यूटीएफ-८ मध्ये साठवलेला 'कोलाड' शब्द जुन्याला साधेपणाने मोजायला दे. पंधरा सांगेल, कारण तो अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. ३ सांगेल पाच: क, ओकार, ल, काना, ड. आपल्याला तीनच अक्षरं दिसतात, म्हणजे तोही अजून पुरता मराठी झालेला नाही. पण पंधरापेक्षा बरा! आणि वहिनीने "१२" असा मराठी आकडा टाइप केला तरी त्याची पूर्णांक करणारी आज्ञा, इंट, तो बारा म्हणून घेते. चलाचं नाव 'भाव' ठेवलंस तरी चालतं. मराठीत हिशोब लिहिणाऱ्या घरातल्या पोराने आपली लिपी परकी मानणारी आवृत्ती शिकावी, हे मला पटत नाही. कोणाला हट्ट वाटला तर वाटो.

तीनमधली नेमकी कुठली, यात रात्र घालवू नकोस. दरवर्षी ऑक्टोबरात नवी येते आणि सुमारे पाच वर्षं सांभाळली जाते. त्या मुदतीतली कुठलीही घे. पैसे तर कशालाच पडत नाहीत. पुस्तक पारखायचं असेल तर प्रिंटपुढे कंस आहे का बघ. नसेल तर ते पुन्हा रद्दीत.

रात्रीवरून आठवलं. वहिनी म्हणाली, तू दोन-दोन वाजेपर्यंत जागतोस. वर रविवारी भिऱ्याचं पाणी सुटायच्या वेळी राफ्टिंगवाल्यांकडे हजर! झोपेत असताना कुंडलिकेत उतरतात का रे? आणि रोह्याला क्लासला बाईकवर जातोस तेव्हा हेल्मेट डोक्यावर असतं की हँडलला? खरं सांग. दादाला विचारलं तर तो तुलाच पाठीशी घालतो.

त्याहून वाईट ऐकलं ते हे, की २.७ तू कुठल्याशा भलत्याच साइटवरून उतरवलंस आणि टाकलंस कुठे, तर दुकानाच्या कॉम्प्युटरवर! त्यात उधारीची सगळी वही आहे. दादाने बारा जणांना विचारून ती चढवली आहे, तुला माहीत आहे. काही शिरलं आत, तर मागायचे कोणाकडे?

तेव्हा उद्या दुकान बंद झाल्यावर आधी सगळ्या हिशोबाची नक्कल पेनड्राइव्हवर घे आणि तो वहिनीकडे दे. मगच ते २.७ काढ. तीन घ्यायचं ते पायथॉन डॉट ऑर्गवरूनच, आणि शक्यतो दादाच्या नाही, ताईच्या जुन्या लॅपटॉपवर. झालं की मला फोन कर, कितीही वाजले तरी. फक्त दोन वाजवू नकोस.

तुझी,
आत्या