बेलापुराहून बोरघाट

नवी मुंबईचे रुंद रस्ते पाहून येथील रहिवाशास प्रवासाची कसलीच अडचण नसेल, असें परक्यास सहज वाटतें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि जेथें भातखाचरें व मिठागरें होतीं तेथें हें नगर वसलें. परंतु ज्याच्यापाशीं दोन चाकांचें वाहन आहे, त्याला या नगराच्या दोन थोर वेशी बंद आहेत. पुण्याच्या द्रुतगति मार्गावर मोटारसायकलीस मज्जाव; १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडलेल्या, सुमारें बावीस किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरही तोच नियम. त्यानें पुण्यास जावें तें पनवेल, चौक, खोपोली अशा जुन्या वाटेनें, बोरघाट चढून.

२०२५ च्या नवरात्रांत आमच्या भाच्यापुढें हाच रस्ता उभा राहिला. त्याच्या पत्नीस पुण्याच्या एका शाळेंत जागा मिळाली होती. तिला दर शनिवारीं बेलापुरास आणावयाचें व रविवारीं पोंचवावयाचें. तिची शाळा सुटल्यावर सोयीची आगगाडी मिळेना. शेवटीं गोष्ट बजाजच्या डॉमिनार नांवाच्या दोन मोटारसायकलींवर येऊन ठेपली. धाकटीचें इंजिन २४८.८ घन सेंटिमीटरांचें व २७ अश्वशक्तीचें, थोरलीचें ३७३.३ घन सेंटिमीटरांचें व ४० अश्वशक्तीचें. टाकी दोन्हींची तेरा लिटरांची.

घटस्थापनेच्याच दिवशीं, २२ सप्टेंबरला, कराचे नवे दर लागू झाले. ३५० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के बसला. "सरकारनेंच निकाल दिला," असें म्हणून मेहुण्यांनीं वही मिटली. भाच्याचें मन मात्र थोरलीवर, आणि तें निव्वळ वेगासाठीं.

"तो वेग तूं चालवणार कोठें? मोकळा रस्ता तर तुला बंद!" मीं म्हटलें.

"मामा, एकदां मागें बसून तर पाहा," तो म्हणाला.

घरच्या सुनेला जेथें दर आठवड्यास बसावयाचें, तेथें आपण आधीं बसून पाहावें हें मलाही पटलें. मित्रांच्या दोन्ही गाड्या मागून आणून आम्ही दोन दिवस पहांटे निघालों. कळंबोलीपाशीं पोलादानें लादलेल्या ट्रकांची रांग लागते. पनवेल मागें पडलें कीं डोळा निवतो. चौकाजवळ इर्शाळगडाचा सुळका दिसला, खालीं भात पिवळें पडूं लागलें होतें. येथपर्यंत दोन्ही वाहनांत मला तिळमात्र भेद जाणवला नाहीं.

भेद खोपोलीच्या वर कळला. हा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला. इंग्रजांस घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची कथा सांगितली जाते, तो शिंग्रोबा वाटेंतच आहे. जाणारे येणारे त्याच्यापुढें नाणें टाकतात. त्या चढावर, दोन माणसें व एक पिशवी घेऊन, धाकटी ट्रकामागें अडकली कीं गिअर उतरवून इंजिन रडकुंडीस आणावें लागे, आणि ट्रकाच्या कडेनें पुढें सरकण्यास इतका वेळ लागे कीं मी मनांत रामरक्षा म्हणूं लागें. थोरली तेंच अंतर एका श्वासांत तोडी. टॉर्क धाकटीचा २३.५ न्यूटन-मीटर, थोरलीचा ३५. वजनांत मात्र फरक अवघ्या तेरा किलोंच्या आसपास. ट्रकाच्या बाजूस जे क्षण जातात, तेच धोक्याचे. अधिक पैसा द्यावयाचा तो ते क्षण कमी करण्यासाठीं. ताशीं दीडशेंच्या गप्पा मुलांनीं आपसांत माराव्या.

मागची बैठक दोहोंचीही उंच व तोकडी; खोपोलीस उतरलों तेव्हां गुडघे माझे नव्हतेच! आम्ही नेलेल्या थोरलीला पाठ टेकावयास आधार होता, धाकटीला नव्हता. आमच्यांतल्या कोणासही हा मुद्दा आधीं सुचला नव्हता. सुनबाईनें तो प्रथम विचारला.

मेहुण्यांपुढें मीं घाटाचा हिशेब मांडला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग दोन शिरस्त्राणांची किंमत स्वतःच वहींत लिहिली. दसऱ्याला थोरली दारीं आली. पावसाळ्याचे चार महिने मात्र सुनेनें रविवारीं सकाळच्या आगगाडीनेंच यावें, असें बहिणीनें ठरविलें आहे, आणि भाच्यानें तें मुकाट्यानें मान्य केलें आहे.