भाड्याच्या हॉलमधली उपासना

रविवार, रात्र.

पिंपरीत नव्याने भरू लागलेल्या उपासनेला आज गेले. दारात चपलांचा ढीग, आत सतरंज्या, कोपऱ्यात पेटी आणि ढोलकी. माइकच्या वायरची गुंतवळ पाळकसाहेब स्वतःच सोडवत बसलेले. प्रभुभोजनाचे इवलेसे पेले एका बाईंनी स्टीलच्या ताटात मांडले. बारानंतर हॉल बारशासाठी दिलेला, त्यामुळे उपदेश आटोपशीर झाला. बरंच झालं!

एखाद्या वस्तीत चर्च रुजतं ते कशाने? अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ मध्ये, नगरला १८३१ मध्ये. शाळा निघाल्या, देवळं बांधली गेली. पण ख्रिस्तभक्ती मराठी ओठांवर रुळली ती रेव्हरंड टिळकांच्या अभंगांमुळे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे येण्याची मुभा होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच पोरका झाला.

एका माणसाच्या तेजावर उभं राहिलेलं काम त्याच्यामागे टिकवणं अवघड. म्हणून आज मला उपदेशापेक्षा नंतरची कुजबुज मोलाची वाटली: भाड्याची वर्गणी कोण गोळा करणार, दवाखान्यात असलेल्या आजींना डबा कोण नेणार. बाहेरून आलेल्या पैशाने छप्पर होईल. ही कामं मात्र वाटूनच घ्यावी लागतात. बुधवारचा डबा मी घेतलाय.