तेराव्यानंतरचं लंडन

इंग्लंडमध्ये माणूस गेला की वैद्यकीय कागद तयार झाल्यापासून पाच दिवसांत मृत्यूची नोंद करावी लागते. आमचे हे गेले तेव्हा मुलाबरोबर मी रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले होते. नाव, जन्मतारीख, व्यवसाय विचारून झाल्यावर त्या बाईंनी जन्मगाव विचारलं. मी ‘संगमेश्वर’ म्हटलं आणि एकेक अक्षर सांगितलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला, बरोबर उतरलंय ना ते बघायला लावलं आणि मगच पुढे गेल्या. त्या अनोळखी बाईंनी दाखवलेली आस्था मला अजून आठवते. परदेशातली माणसं कोरडी असतात असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मला तसा अनुभव आला नाही. इथे जे अवघड आहे ते वेगळंच आहे, आणि ते तेराव्यानंतर सुरू होतं.

मुळात तेरावा कधी धरायचा, हाच इथे प्रश्न असतो. डॉक्टरांचे कागद, 2024 च्या सप्टेंबरपासून सक्तीची झालेली मेडिकल एक्झॅमिनरची तपासणी, दहनगृहात मिळणारी तारीख, यात दोन-तीन आठवडे सहज जातात. पुण्यात ज्या दिवशी गोडाचं जेवण होऊन माणसं आपापल्या घरी परतली असती, त्या दिवशी इथे अनेकदा दहनही झालेलं नसतं. दिवस मृत्यूपासून मोजायचे की दहनापासून? एक गुरुजी एक सांगतात, दुसरे दुसरं. तोवर घरातली माणसं अधांतरी राहतात. फोन येत राहतात, नातवंडं शाळेत जातात, आणि ज्याला निरोप द्यायचा तो माणूस कुठल्यातरी थंड खोलीत आपली वाट बघत असतो.

लंडनमधलं पहिलं दहनगृह गोल्डर्स ग्रीनला 1902 मध्ये सुरू झालं. लाल विटांची इमारत, मागे मोठी बाग. ह्यांना आम्ही तिथेच नेलं. ठरवून दिलेल्या वेळेत मंत्र म्हणायचे, मुलीने दोन शब्द बोलायचे, तुळशीपत्र आणि गंगाजल द्यायचं, शेवटचं दर्शन घ्यायचं. बाहेर पुढच्या कुटुंबाच्या गाड्या उभ्या असतात. नंतर मुलगा आत गेला आणि त्याने बटण दाबलं. इथे अग्नी असाच देतात. बाहेर आल्यावर किती तरी वेळ तो माझा हात धरून उभा होता.

अस्थी तो नाशिकला घेऊन गेला. सोबत दहनाचा दाखला, विमान कंपनीला आधी दिलेली कल्पना, हातातल्या पिशवीत कलश. सत्तरच्या दशकात नवी नवरी म्हणून मी हीथ्रोला उतरले, तेव्हा हे जाडा कोट घेऊन मला न्यायला आले होते. त्याच विमानतळावरून मी त्यांना रामकुंडाकडे पाठवलं.

आपल्याकडच्या त्या तेरा दिवसांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, बरंचसं टीकेच्या सुरात. त्यातलं काही मलाही पटतं. पण त्या दिवसांत एक शहाणपण होतं ते इथे राहून मला कळलं. घरात चूल पेटवायची नाही, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून द्यायचा. कुणीतरी रात्री सोबतीला झोपायला यायचं. समोर बसून कुणी काही बोललं नाही तरी चालायचं. मागे राहिलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा त्या सगळ्याचा गाभा होता. लंडनमध्ये हे सारं एका दिवसात उरकावं लागतं, कारण लोकांना रजा नसते आणि अंतरं लांब असतात. माणसं येतात, मनापासून येतात, डबे आणतात, “काकू, काहीही लागलं तर सांगा” म्हणतात. आणि मग सोमवार उजाडतो.

सोमवारपासून पत्रं येऊ लागतात. इथे ‘टेल अस वन्स’ नावाची सरकारी सोय आहे. एकदा कळवलं की पेन्शन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स आणि कौन्सिल अशा बऱ्याच खात्यांना आपोआप कळतं. चांगली सोय आहे. पण बँक, वीज, गॅस, मोबाइल, विमा यांना वेगवेगळं कळवावं लागतं आणि दर वेळी तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. कुठे खातं बंद होतं, कुठे नाव कमी होतं. घरात एकच प्रौढ माणूस उरला की कौन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सूट मिळते. त्या सवलतीची मला गरजच होती. तरीही नव्या बिलावर एकटं माझं नाव पाहून मी ते किती तरी दिवस फाइलला लावलं नाही. माणसाचा निरोप एका दिवसात संपत नाही. तो असा हप्त्याहप्त्याने घ्यावा लागतो, आणि बहुतेक हप्ते आपण एकट्याने भरतो.

रोजच्या कामांचंही तसंच. कोणत्या आठवड्यात कोणता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, बॉयलरचा दाब उतरला तर काय करायचं, मीटरचे आकडे कुठे कळवायचे, हे सगळं ह्यांच्याकडे होतं. माझ्याकडे स्वयंपाक, सणवार, मुलांचे वाढदिवस, डॉक्टरांच्या तारखा. पन्नास वर्षांच्या संसारात कामांची अशी वाटणी होऊन जाते. एक माणूस गेला की दुसऱ्याला उतारवयात अर्धा संसार नव्याने शिकावा लागतो. मी शिकले. बायको गेलेले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ वरण-भाताचा कुकर लावायला शिकले आणि आता ईलिंग रोडवर भाजी निवडून घेतात. शिकता येतं, एवढं मी खात्रीने सांगते.

मात्र शिकून भरून न निघणारी एक गोष्ट आहे. आमच्या घरातलं मराठी थांबलं. मुलांना मराठी समजतं, ती माझ्याशी बोलतातही, पण ती आपापल्या घरी आहेत. नातवंडं इंग्रजीत वाढली. सकाळी पेपर वाचता वाचता मोठ्याने शेरा मारायला, भाजीत मीठ कमी आहे म्हणायला, संगमेश्वरच्या एखाद्या म्हाताऱ्याची आठवण काढायला समोर माणूस लागतो. देशात नवरा गेलेल्या बाईच्या कानावर तिची भाषा दारातून, रस्त्यावरून, भाजीवालीकडून येत राहते. इथे भारतातून फोन येईपर्यंत दिवसभरात मराठीचा एक शब्द माझ्या तोंडून निघत नाही. आणि हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आतच मावळतो, त्या वेळी पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजत आलेले असतात आणि माझी बहीण झोपायच्या तयारीत असते. कातरवेळ सुरू होते आणि झोपेच्या वेळेपर्यंत लांबते.

दुःखाने माणूस खचतो हे आपल्याला माहीत असतं. इथल्या डॉक्टरांनी ते मोजून दाखवलं. कॉलिन मरे पार्क्स या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 1969 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नी गेलेल्या, 55 वर्षं आणि त्यापुढच्या 4,486 पुरुषांची त्यांनी पुढची काही वर्षं नोंद ठेवली होती. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा 40 टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच्या दहा वर्षं आधी, 1959 मध्ये, लंडनजवळच्या रिचमंडमध्ये मार्गारेट टॉरी यांनी विधवांसाठी ‘क्रूज’ ही संस्था सुरू केली. आज तिचं काम नवरा, बायको, आई, मूल, कुणीही गमावलेल्या सगळ्यांसाठी चालतं. त्या दोघांनी आपापल्या मार्गाने एकच गोष्ट पुढे आणली: अंत्यसंस्कारानंतरचे महिनेच धोक्याचे असतात, आणि नेमकी तेव्हाच माणसं पांगलेली असतात.

या शहरातली एक हकिकत इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. एम्बँकमेंट स्टेशनवर नॉर्दर्न लाइनच्या फलाटावर ‘माइंड द गॅप’ ही सूचना ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात ऐकू यायची. ते 2007 मध्ये गेले. त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट मॅकॉलम कधीकधी त्या फलाटावर बसून तो आवाज ऐकायच्या. पुढे नवी यंत्रणा आली आणि तो आवाज बंद झाला. त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं, कारण सांगितलं. अधिकाऱ्यांनी त्यांना ध्वनिमुद्रण तर दिलंच, शिवाय 2013 मध्ये त्या एका स्टेशनवर जुना आवाज परत आणला. मला या हकिकतीत त्या बाईंचं विचारणं सर्वांत मोलाचं वाटतं. आपण मराठी माणसं इथेच अडतो. “कुणाला त्रास कशाला द्यायचा” असं म्हणून गप्प राहतो. त्यांनी आपली गरज लपवली नाही, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या रेल्वेला ती क्षुल्लक वाटली नाही.

आपल्या माणसांबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. हे गेल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. बोलावणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. मला अवघडल्यासारखं होईल अशी त्यांची समजूत होती. पण ज्या घोळक्यात मी तिळगूळ वाटत म्हातारी झाले, त्या घोळक्यातून न सांगता बाहेर काढलं जाणं हाही एक निरोपच होता, आणि तो मी मागितला नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. हेरवाडच्या ग्रामसभेला जे जमलं ते हॅरो आणि वेम्बलीतल्या आपल्या दिवाणखान्यांना जमायला हरकत नाही. पुढच्या वर्षी एका तरुण मुलीने मला आपल्या घरी बोलावलं, सगळ्यांसारखंच मलाही कुंकू लावलं आणि वाण हातात दिलं. तिने त्याचा गाजावाजा केला नाही. तिचे माझ्यावर फार उपकार आहेत.

नणंद काही महिने येऊन राहिली. जाताना विमानतळावर म्हणाली, “वहिनी, आता इथे काय उरलंय? चला परत.” प्रेमापोटीच म्हणाली. हा प्रश्न इथल्या प्रत्येक वयस्क मराठी माणसाला विचारला जातो, म्हणून सांगते. ब्रिटनची सरकारी पेन्शन दर एप्रिलमध्ये वाढते; पण कायमचं भारतात राहायला गेलं की ती ज्या आकड्यावर असेल तिथेच गोठते, पुढे वाढत नाही. ज्या डॉक्टरांना माझं रक्तदाबाचं औषध ठाऊक आहे ते इथे आहेत. मुलं इथे आहेत. आणि पिनरहून निघून माझ्या दारावरून जाणारी 183 नंबरची बस मला गोल्डर्स ग्रीनपर्यंत नेते, तिकीटही पडत नाही. माझं उरलेलं आयुष्य जिथे आहे तिथेच आहे. एकट्या पडलेल्या माणसाला हलवण्याची घाई करू नये. त्याचं घर म्हणजे गेलेल्या माणसाची शेवटची ओळख असते.

म्हणून लंडनमधल्या, आणि जिथे कुठे आपली माणसं असतील तिथल्या वाचकांना माझं सांगणं आहे. पहिल्या आठवड्यात जा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिसऱ्या महिन्यात जा, चौथ्या महिन्यात जा. “काही लागलं तर सांगा” म्हणू नका. आमची पिढी सांगत नाही. काम ठरवून जा: बँकेचं पत्र लिहायला, बॉयलर बघायला, बाजारातून भाजी आणायला. जाताना थोडा वेळ मोकळा ठेवा आणि मराठीत बोला. गेलेल्या माणसाचं नाव मुद्दाम टाळू नका. आम्हाला ते ऐकायचं असतं. सणाला बोलवा, आणि यायचं की नाही ते आम्हाला ठरवू द्या.

आणि जे मागे राहिले आहेत, त्यांनी विचारायला संकोचू नये. जोडीदार गेल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत कठीण असतात. ते महिने पार करायला माणूस लागतो. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांना आजच फोन करा आणि येण्याचा दिवस ठरवा.